गावरवण

पेंडवळीच्या सड्याखाली, त्या कातळी पठाराच्या पोटात, पाणी किती आहे हे सांगणारं यंत्र सानिका घाडीनेच गावात आणलं होतं, आणि तिला त्याचा बऱ्यापैकी गर्व होता. तीन आठवड्यांनी ती कुडाळच्या भूजल कचेरीत बसून त्याच यंत्राचा अहवाल वाचत होती आणि समोरच्या चहावर साय धरली होती.

'स्थानिक वापर: नगण्य.'

नगण्य! तिची आई, भाऊ, वहिनी, दोन भाचरं, गावातल्या साऱ्या म्हशी, देवळाच्या तळीवर रोज नियमाने भांडणाऱ्या बायका, हे सगळे मिळून नगण्य. खाली आणखी दोन ओळी होत्या: 'साठ्यात घट नाही. अतिरिक्त पाणी उपलब्ध, उपसा मंजूर.' आणि त्याखाली, प्रमाणित करणारी म्हणून, तिचंच नाव.

तिने अहवाल पुन्हा वरून वाचला. मग मापनाच्या तारखा बघितल्या. तारखा तिनेच सुचवल्या होत्या.

या यंत्राला सगळे 'जलतुला' म्हणत. नाव भारदस्त असलं तरी कल्पना साधी होती. जमीन आपल्याला खाली ओढते, आणि पायाखाली जितकं वजन जास्त तितकी ती ओढ किंचित जास्त. तुलेच्या पोटात अणूंचा एक पुंजका जवळजवळ गोठवून सोडून देतात आणि तो किती वेगाने पडतो ते मोजतात. खालचा दगड काही आज आहे नि उद्या नाही असं होत नाही. पाणी मात्र येतं-जातं. म्हणून कालच्या आणि आजच्या ओढीत जो फरक पडतो, तो पाण्याचा. सड्यावर चार तुला मांडल्या की जमिनीला भोक न पाडता आतलं पाणी तोलता येतं. दहा वर्षांपूर्वी हे कोणी सांगितलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

खोड एकच होती. तुलेला गडबड खपत नसे. शेजारून मोटरसायकल गेली, चिरेखाणीत घण पडला, विहिरीवरचा जुना पंप धडधडला, की आकडे वाया. सलग तीन दिवस शांतता मिळाली तरच मापन ग्राह्य धरायचं, असा नियम होता. आणि ग्राह्य मापन हाती आलं की नव्या जलद मंजुरी कायद्याने बाकी काहीच लागत नव्हतं. सुनावणी नाही, हरकती नाहीत, वर्षानुवर्षांचे अभ्यास नाहीत. यंत्र खोटं बोलत नाही, मग माणसांना कशाला विचारायचं, असा तो हिशेब. यंत्र खोटं बोलत नाही हे खरंच आहे. विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतं, हे मात्र कायदा करणाऱ्यांनी सोयीस्करपणे सोडून दिलं होतं.

सड्यावर एका कंपनीला डेटा सेंटर उभारायचं होतं. हजारो संगणक रात्रंदिवस तापणार आणि त्यांना गार ठेवायला सड्याखालचं पाणी लागणार. "कोकणात शांतता कुठे मिळणार?" असं कचेरीत सगळे डोकं खाजवत बसले असताना सानिका पटकन म्हणाली होती, "आमच्या गावाची गावपळण येतेय."

गावपळण म्हणजे गाव पळून जातं. दर तीन वर्षांनी ग्रामदेवता रवळनाथाचा कौल घेऊन आख्खी पेंडवळी गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं सगळं बरोबर घेऊन शिवेबाहेर जाते. तिथे खोपी बांधून तीन दिवस राहते. गावात चिटपाखरू उरत नाही. अशी शांतता तुलेला सबंध किनाऱ्यावर मिळाली नसती. कचेरीने सानिकाची पाठ थोपटली, आणि तीही खुशीत खोपीसमोर बसून भजनं ऐकत राहिली.

त्या तीन दिवसांत गावात कोणी पाण्याचा थेंब काढला नव्हता. सड्यातून झिरपणारं पाणी विहिरींत नुसतं साठत राहिलं. पळणीहून परतल्यावर विहिरी काठोकाठ दिसतात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सानिकालाही होतं. लहानपणी परत आल्याबरोबर ती विहिरीत डोकावायला सगळ्यांत पुढे धावायची. पण तारखा सुचवताना तिच्या डोक्यात फक्त शांतता होती, आणि जे यंत्राने पाहिलं तेच अहवालाने लिहिलं: पाणी वाढतंय, वापरणारं कोणी नाही.

ती तशीच उठून नेनेसरांच्या खोलीत गेली. नेनेसर पुण्याचे, तिचे वरिष्ठ, माणूस सरळ, फक्त कशाने हलायचा नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तू म्हणतेस ते बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मापन नियमात बसतं. कंपनीची काही चूक नाही."

"चूक माझी आहे, सर. पुनर्मापन मागता येतं ना?"

"येतं. ज्याने प्रमाणित केलं त्यालाच, आणि एकदाच. पुढच्या सोमवारपर्यंत वर्दी द्यावी लागेल. पण अट तीच, तीन दिवस शांतता." त्यांनी चष्मा काढला. "गाव नेहमीसारखं वागलं की जलतुला आंधळी होते. गाव निघून गेलं की आत्ता झालं तेच होणार. कसं करणार आहेस?"

"बघते."

"आणखी एक. पुनर्मापन शेवटचं असतं. त्यातून जे निघेल ते सगळ्यांना लागू होतं. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना."

सानिकाने हो म्हटलं. तिच्या डोळ्यांसमोर कंपनी सोडून तेव्हा दुसरं कोणीच नव्हतं.

देवळाच्या मंडपात गाव जमलं. सानिकाने उभं राहून सगळं सांगितलं, तारखा आपणच सुचवल्या हेही सांगितलं. कोणी शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पण लोक नुसते तिच्याकडे बघत राहिले. तिचा थोरला भाऊ गौरेश मात्र ताडकन उभा राहिला. सड्याच्या दक्षिण टोकाला त्याचं पाहुण्यांसाठीचं घर होतं, मागे आंब्याच्या कलमांची बाग, पुढे पोहायला छोटा तलाव. गावात राहून संसार कसा करावा हे दाखवायला लोक त्याच्याकडे बोट करत.

"कंपनी कशी येता तीच बघतंय!" तो म्हणाला. "सड्यावर पयलो दगड ठेवूक दिवचंय नाय!"

"दगड मागसून, दादा. आधी जलतुला." सानिका म्हणाली. "परत मोजूक व्हया. पण तेका तीन दिवस गाव गप व्हयो."

विश्रामकाका गावकरांनी मान हलवली. ते गावचे मानकरी, कौल तेच लावायचे. "चेडवा, पळण देवाची. मदीच गाव भायर काढूक जमाचा नाय."

"भायर नाय काढूचो, काका. गाव हंयच रवतलो. रोज लागता तितक्याच पाणी काढतलो. फक्त आवाज करूचो नाय."

"म्हणजे गावपळण न्हय," कोणीतरी मागून म्हणालं, "गावरवण!"

पळायचं नाही तर रवायचं, राहायचं! हशा पिकला. मानसीवहिनी, गौरेशची बायको, पदराआडून म्हणाली, "ह्यांका तीन दिवस गप बसवूक रवळनाथच खाली येवक व्हयो."

सानिकाने समजावून सांगितलं. कलमांच्या बागांतले बोअरचे पंप खोल असतात, त्यांची थरथर एकसुरी असते, ती जलतुला गाळून टाकते. ते चालू द्या. पण विहिरींवरचे पंप बंद, पाणी हाताने ओढायचं. गाड्या शिवेवर ठेवायच्या. खाण बंद, घण बंद, फटाके बंद, धावणं बंद.

"मगे पाणी जरा जास्तच काढूया," गौरेश म्हणाला. "कंपनीच्या तोंडाक फेस येतलो."

"नाय, दादा. रोज जितक्या, तितक्याच. जास्त नाय, कमी नाय."

विश्रामकाकांनी देवाला विचारल्याशिवाय होकार द्यायचं नाकारलं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. सगळा मंडप श्वास रोखून उभा होता. उजवी, होकाराची पाकळी गळून पडली आणि लोकांनी हात जोडले. सानिकाचा जीव भांड्यात पडला. भौतिकशास्त्रात पदवी घेतलेल्या बाईचा जीव पाकळीने भांड्यात पडावा याचा तिला रागही आला, पण तो राग तिने घरी जाईपर्यंत बाजूला ठेवला.

पहिला दिवस मजेत गेला. गंजलेल्या रहाटांना खोबरेल लावून लोकांनी विहिरींवर दोर चढवले. ज्यांनी आयुष्यात बटणाखेरीज काही दाबलं नव्हतं त्यांच्या तळव्यांना दुपारपर्यंत फोड आले. शाळेतल्या पोरांनी सावकाश चालायची शर्यत लावली. एरवी भोंगा वाजवत येणारी मासेवाली डोक्यावर पाटी घेऊन दारोदार आली आणि कानाशी येऊन "बांगडे" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाव चिडलं. पळणीत कशी मोकळ्यावर गाणी असतात, भजनं असतात, एकत्र जेवणं असतात. इथे माणूस आपल्याच घरात चोरासारखा वावरत होता. कोणाच्या हातून पातेलं पडलं की शेजारची चार घरं दारात येऊन डोळे वटारायची. भांडणं थांबली नव्हती, फक्त कुजबुजीत होत होती, आणि कुजबुजीतलं भांडण फार जिव्हारी लागतं. विश्रामकाका अनवाणी येरझारा घालत होते. गौरेश दर थोड्या वेळाने सड्यावर येऊन विचारायचा, "काय, रेघ खाली जाता काय?"

सानिका तंबूत तुलेजवळ बसून पडद्यावरची रेघ बघत होती. रेघ खाली जायला हवी होती. आपल्याच गावचं पाणी कमी व्हावं म्हणून आपण इथे जीव टांगणीला लावून बसलोय, हे मनात आल्यावर ती उठून तंबूबाहेर गेली आणि पुन्हा आत आली. बसवत नव्हतं, उभंही राहवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती घरी चहाला उतरली तर मागच्या अंगणात मानसीवहिनी कळशीमागून कळशी माडाच्या बुंध्यात ओतत होती. भोवती चिखल झाला होता.

"वहिनी, ह्या काय?"

"माडाक पाणी."

"रोज इतक्या घालतंस?"

वहिनीने कळशी खाली ठेवली. तिचे हात सोलवटले होते. "कंपनी इली तर मी कळशी खंय भरूची, ता सांग माका. चार कळशे जास्त ओतले तर काय बिघाडला?"

सानिकाने कळशी उचलून पडवीत नेऊन ठेवली. "गेल्या खेपेस माझ्या हातून खोटा मोजला गेला, वहिनी. ह्या खेपेस आपणच खोटा करूचा?"

वहिनीने पदराला हात पुसले. मग दोघी जणी दारोदार हिंडल्या आणि अशी पुण्यकर्मं आणखी कोणकोण करतंय ते बघून आल्या. सहा घरं निघाली, आणि जास्तीच्या कळशा सानिकाने मोजून हिशेबातून वजा केल्या. सहाही घरांनी, आम्ही देशासाठी करत होतो, असा चेहरा केला.

संध्याकाळी मापन पूर्ण झालं. सानिकाने चारही तुलांच्या रेघा शेजारी शेजारी मांडल्या आणि तंबूत एकटीच मोठ्याने हसली. पहिल्या तिन्ही रेघा दिवसा उतरत होत्या आणि रात्री जेमतेम पुन्हा वर येत होत्या. विहिरी आणि घरं वापरतात तेवढं पाणी सडा जेमतेम भरून काढत होता. कंपनीला द्यायला शिल्लक काहीच नव्हतं. मंजुरी रद्द होणार, यात आता शंका नव्हती.

मग तिने चौथी रेघ बघितली. दक्षिण टोकाची. ती उतरत नव्हती, कोसळत होती.

तिने हिशेब करून बघितला, पुन्हा केला. बागांच्या आठ बोअर मिळून सडा भरतो त्यापेक्षा जास्त ओढत होत्या, आणि त्यात एक सगळ्यांपेक्षा खूप खोल गेलेली होती. कंपनी आली नाही तरी चार-पाच वर्षांत देवळाची तळी आटणार होती, मग खालच्या वाडीतल्या विहिरी. कोणाच्या बोअरची रेघ आहे हे शोधायला तिला नकाशा लागला नाही.

गौरेश जेवणाचा डबा घेऊन आला. "काय सांगता तुझा यंत्र?"

"कंपनीची मंजुरी गेली."

त्याने डबा खाली ठेवला आणि आवाज न करता नाचला. दोन्ही हात वर करून, पावलं न आपटता. शांतता संपली हेही त्याच्या लक्षात नव्हतं. मग थांबला. "मगे तोंड असा कित्याक केलंस?"

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने चार रेघा बघितल्या. चौथीवर बोट ठेवलं. "ही कोणाची?"

"तुझी."

तो खाली बसला.

"बोअरी बंद करूच्यो लागतल्यो, दादा. तुझी, नि आणखी सात जणांच्यो. पुनर्मापन सगळ्यांक लागू आसा."

त्याने बोटाने बाकीच्या तीन रेघा मोजल्या. "पयल्या तीन रेघांवर कंपनी जाता मा?"

"जाता."

"मगे चौथी तुला बिघाडली म्हणून लिही. यंत्रा बिघाडतत."

करता आलं असतं. चारांतली एक तुला नादुरुस्त म्हणून वगळायचा अधिकार प्रमाणित करणाऱ्याला होता. कोणी विचारलंही नसतं. कंपनी गेली असती, गावाने सानिकाला डोक्यावर घेतलं असतं, आणि भाऊ भाऊच राहिला असता.

"सगळे मुंबयक गेले," गौरेश म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून तिला जास्त लागला. "तू शिकाक गेलंस. बाबा गेल्यावर आयेक बघूक मी रवलंय. पाणी नाय तर बाग नाय, पाहुणे नाय. मगे मी काय करूचा? मुंबयत जावन कोणाच्या तरी दारार उभा रवाचा?"

"माका म्हायत आसा, दादा."

"म्हायत आसा तर मगे लिही."

"पयल्या अहवालात आख्खो गाव नव्हतो. आता ह्या अहवालात तू नसतलंस."

"नसू दे माका! बरा झाला."

"आणि तळी सुकली की?"

"तेव्हाचा तेव्हा बघूया."

"कंपनीवालेय तसाच म्हणतत."

हे बोलायला नको होतं, असं तिला बोलताक्षणीच वाटलं. पण बोललेलं खरं होतं, आणि दोघांनाही ते कळलं होतं. गौरेश उठला, तंबूबाहेर गेला. डबा तिथेच राहिला.

सानिका रडली. नाक पुसत, रागाने, भावावर आणि स्वतःवर आणि त्या अणूंच्या मूर्ख पुंजक्यावर चिडत रडली. आपल्याला हे काम का सुचलं, शिक्षिका का झालो नाही, असं बरंच काही तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने तोंड धुतलं आणि चारही रेघा पाठवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी रद्द झाल्याचं कळलं आणि पेंडवळीने तीन दिवसांचा आवाज एकदम काढला. ढोल, गाड्यांचे भोंगे, फटाके, कुत्री, सगळं. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. विश्रामकाकांनी सानिकाला नारळ दिला, बायकांनी तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. ती नारळ हातात घेऊन उभी राहिली. सगळे खुश होते, आणि आता हे सांगायचं म्हणजे भरल्या ताटात माती कालवायची.

"अजून थोडा वाचूचा आसा," ती म्हणाली.

आवाज कमी झाला. तिने वाचलं. सडा आता राखीव. नवीन बोअर नाही, कंपनीची नाही आणि गावाचीही नाही. घरं आणि विहिरी आहेत तशा चालतील. आठ बोअर महिन्याभरात बंद करायच्या. "गौरेश घाडी," तिने पहिलं नाव वाचलं आणि पुढचं वाचायच्या आत मंडप उसळला.

"आमच्या जमिनीतला पाणी, आमचीच बोअर, आणि बंद?"

"कंपनी परवडली म्हणाची पाळी इली!"

"घाड्यांच्या चेडवान पाणी राखूक यंत्र हाडल्यान काय आमका बुडवूक?"

विश्रामकाका हात वर करून गप करायला बघत होते. कालपर्यंत तीन दिवस कुजबुजणारं गाव आता कोणाचं ऐकत नव्हतं. मानसीवहिनीने सानिकाकडे बघितलं आणि मान फिरवली. तिला घरी कोणी काही सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

मंडपाच्या खांबाला टेकून गौरेश उभा होता. कालपासून तो बहिणीशी एक शब्द बोलला नव्हता. तो खांब सोडून पुढे आला.

"ओरडा नको," तो म्हणाला. "माझी बोअर सकाळीच बंद केलंय. पाहुण्यांकय परत धाडलंय." लोक थांबले. वहिनीने तोंडावर पदर घेतला. "यंत्रान सांगल्यान ता खरा आसा. माका आधीच म्हायत होता, पाणी दरवर्साक खाली जाता म्हणून. बोलूक धीर नव्हतो." मग तो सानिकाकडे न बघता म्हणाला, "उरलेल्यांचा वाच."

गौरेश पायऱ्यांकडे निघाला. जाताना तो तिच्याजवळ थांबला आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "आज घराकडे जेवूक येव नको. आयेक मी सांगतंय काय ता."

सानिकाने मान हलवली. तो पायऱ्या उतरून गेला. तिने नारळ खाली ठेवला आणि पुढचं नाव वाचलं.